काजळीचे मोजमाप

बंगळूरच्या पूर्व अंगास, व्हाइटफील्ड परिसरातील हूडी आणि कुंदलहळ्ळी या जुन्या खेड्यांच्या शिवारावर आज जी दाट वस्ती उभी आहे, तिच्यातून जाणाऱ्या एका रस्त्याला आणि त्यावरील चौकाला लोक अजूनही ‘ग्रॅफाइट इंडिया’ याच नावाने ओळखतात. ज्या कारखान्यावरून हे नाव पडले तो मात्र २०१९ साली बंद झाला. तोटा आला म्हणून तो बंद झाला असे नाही. ज्या सुमारास त्याच्यावर ही पाळी आली त्याच सुमारास त्याच्या मालाला जगाच्या बाजारात पूर्वी कधी नव्हता असा भाव मिळत होता. तो बंद झाला तो शेजारच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे लावून धरलेल्या तक्रारींमुळे, आणि त्या तक्रारींची दखल अखेर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला घ्यावी लागल्यामुळे. एका नामांकित आणि भरभराटीत असलेल्या कंपनीवर नागरिकांच्या गाऱ्हाण्याने असा प्रसंग यावा, ही आपल्याकडे विरळा घडणारी गोष्ट आहे. ती कशी घडली, आणि घडण्यास इतका काळ का लागला, हे समजून घेणे महाराष्ट्रातील वाचकालाही अगत्याचे आहे. कारण ज्या कायद्यांखाली हे सर्व घडले तेच कायदे तळोजाला, चाकणला आणि चंद्रपूरलाही लागू आहेत.

प्रथम हा कारखाना काय तयार करीत होता ते पाहू. भंगार लोखंड वितळवून त्याचे पुन्हा पोलाद करण्याची जी विजेची भट्टी असते, तिच्या झाकणातून काळ्या रंगाचे जाडजूड दंड आत सोडलेले असतात. त्यांतून प्रचंड विद्युत्प्रवाह जाऊन त्यांच्या टोकांशी जी ज्वाला निर्माण होते तिच्या उष्णतेने धातू वितळतो. ते दंड ग्रॅफाइटचे असतात. ते करण्यासाठी खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उरणारा कोक भाजून, दळून, त्यात दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे ‘पिच’ हे चिकट द्रव्य कालवतात. त्या लगद्याला दाबयंत्रातून दंडाचा आकार देतात. तो दंड भट्टीत भाजतात. त्याची छिद्रे बुजावीत म्हणून पुन्हा पिचमध्ये मुरवून पुन्हा भाजतात. आणि शेवटी विजेच्या योगाने सुमारे तीन हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यातील कार्बनचे रूपांतर ग्रॅफाइटमध्ये करतात. या मालिकेत दळताना उडणारा कोकचा भुगा आणि भाजताना पिचमधून निघणाऱ्या वाफा, असे उपद्रवाचे दोन मुख्य उगम असतात. भुगा काळा आणि डोळ्यांना दिसणारा असतो. वाफा दिसतात कमी, पण त्यांच्यात बेंझोपायरीनसारखी द्रव्ये असतात, आणि ती मनुष्याला कर्करोग करणारी आहेत याविषयी वैद्यकशास्त्रात आता संदेह उरलेला नाही.

रहिवाशांची तक्रार मुख्यतः त्या काळ्या भुग्याची होती. सकाळी पुसलेली फरशी संध्याकाळपर्यंत काळी व्हावी, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर कण बसावेत, अनवाणी चालणाऱ्या मुलांचे तळवे काळे व्हावेत, खिडक्या भर उन्हाळ्यातही लावून घ्याव्या लागाव्यात, आणि घरोघरी खोकला व दमा यांची कुरकुर चालू असावी, असे या वस्तीचे गाऱ्हाणे होते. रहिवाशांनी त्या काजळीची छायाचित्रे काढली, अर्ज केले, सह्या गोळा केल्या, कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कचेरीचे उंबरठे झिजवले. घरातली गृहिणी बोटाने सज्जाचा कठडा पुसून जे दाखवू शकत होती ते राज्याच्या अधिकृत यंत्रणेला स्वीकारण्यास इतकी वर्षे का लागावीत, हा या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणा एका अधिकाऱ्याच्या वर्तनात शोधू जाऊ नये. ते बरेचसे कायद्याच्या रचनेतच दडलेले आहे.

आपल्याकडे प्रदूषणाचा कायदा मूलतः परवानगीचा कायदा आहे. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा आणि १९८१ चा वायुप्रदूषणाचा कायदा यांनी प्रत्येक राज्यात एकेका मंडळाच्या हाती असा अधिकार दिला, की त्याच्या संमतीवाचून कोणी कारखाना उभारू नये आणि चालवूही नये. (महाराष्ट्राने याबाबत देशाच्या आधी पाऊल टाकले होते; येथील जलप्रदूषणाचा कायदा १९६९ चा, आणि मंडळाची स्थापना १९७० ची आहे.) उभारणीची संमती वेगळी, चालवण्याची वेगळी, चालवण्याच्या संमतीला मुदत असे, आणि ती संपली की नव्याने अर्ज करावा लागे. २०१६ साली उद्योगांची त्यांच्या उपद्रवक्षमतेनुसार तांबडी, नारिंगी, हिरवी आणि पांढरी अशी वर्गवारी झाली. तेव्हा तांबड्या वर्गाला पाच वर्षांची संमती मिळे आणि पांढऱ्याला नुसती वर्दी देणे पुरे. संमतिपत्रात धुराड्याची उंची किती असावी, त्यातून बाहेर पडणाऱ्या धुरात घनमीटरमागे किती मिलिग्रॅम कण चालतील, धूळ पकडणारी यंत्रे कोणती बसवावीत, अशा अटी लिहिलेल्या असतात. अट मोडली तर मंडळ प्रथम नोटीस देते, खुलासा मागवते, सुधारणेसाठी मुदत देते. आणि तेवढ्याने भागले नाही तर वायुप्रदूषणाच्या कायद्याच्या कलम ३१-अ खाली कारखाना बंद करण्याचा, इतकेच काय, त्याची वीज व पाणी तोडण्याचा हुकूम देऊ शकते. अधिकार थोडाथोडका नाही. त्याचे सारे बळ मात्र एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे पुरावा.

तो पुरावा कसा असावा हेही कायद्यानेच ठरवून दिले आहे. धुराड्यातून हवेचा नमुना घ्यावयाचा तर चालकाला तशी सूचना द्यावी लागते, तो पात्रात भरून मोहोरबंद करावा लागतो, त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्याचे पृथक्करण व्हावे लागते. यांतील एक पायरी चुकली तरी न्यायालयात तो नमुना टिकत नाही. कारखानदाराला खोट्या आरोपापासून संरक्षण मिळावे हा या तजविजीचा हेतू योग्यच आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो, की नमुना घेण्याच्या क्षणाची कल्पना चालकाला असते, आणि रात्री दोन वाजता जे धुराड्यातून बाहेर पडते त्याचा साक्षीदार सज्जावरच्या काजळीवाचून दुसरा कोणी नसतो.

ती काजळी तर शासनाच्या तराजूत बसतच नाही. २००९ साली केंद्राने वातावरणातील हवेसाठी जी राष्ट्रीय मानके जाहीर केली त्यांत बारा दूषकांचा समावेश आहे. दहा मायक्रोमीटरहून बारीक कण आणि अडीच मायक्रोमीटरहून बारीक कण हे त्यांतले दोन होत. पहिल्याची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे आणि दुसऱ्याची ६०. जो भरड भुगा हवेतून खाली बसतो, जो डोळ्यांना दिसतो आणि ज्यासाठी माणूस मंडळाकडे धाव घेतो, त्याच्यासाठी या यादीत रकानाच नाही. कण जितका बारीक तितका तो फुप्फुसात खोल जातो, म्हणून बारीक कणांवर भर देणे आरोग्याच्या दृष्टीने रास्तच आहे. तरीही त्यामुळे असे घडू शकते, की मंडळाचे यंत्र ‘हवा मर्यादेत आहे’ असा दाखला देते आणि त्याच यंत्राखाली उभ्या असलेल्या माणसाचा सदरा काळा होतो. इतर देशांनी हा रकाना सोडलेला नाही. दक्षिण आफ्रिकेने वस्तीच्या भागात दर चौरस मीटरवर दिवसाला ६०० मिलिग्रॅमहून अधिक धूळ बसू नये असा नियम २०१३ साली केला. जर्मनीच्या वायुनियमांत हीच मर्यादा ३५० मिलिग्रॅमची आहे. उघडे भांडे महिनाभर ठेवून त्यात साचलेल्या धुळीचे वजन करणे, एवढ्या साध्या साधनाने हे मोजमाप होते. याच ग्रॅफाइट इंडिया कंपनीने २००४ साली जर्मनीत न्युरेंबर्गजवळचा एक कारखाना विकत घेतला. ज्या धुळीचे तेथे वजन होऊ शकत होते तिला व्हाइटफील्डच्या रहिवाशाने नुसते ‘पाहा हो पाहा’ म्हणून दाखवत राहावे लागले.

कारखानदारांच्या वतीने अशा प्रसंगी एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो, आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. आम्ही येथे आधी आलो, त्या वेळी हा माळ होता, शासनानेच हा भाग औद्योगिक म्हणून आखून दिला, तुम्ही मागाहून येऊन आमच्या भिंतीला भिंत लावून घरे बांधलीत, तेव्हा आता तक्रार कसली? व्हाइटफील्डच्या परिसराचा इतिहास पाहिला तर या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. म्हैसूरच्या महाराजांनी १८८२ साली अँग्लो-इंडियन लोकांच्या वसाहतीसाठी येथे सुमारे ३,९०० एकर जमीन दिली, आणि त्या समाजाचे पुढारी व्हाइट यांच्यावरून तिला हे नाव पडले. पुढे शंभर वर्षे हे एक शांत, बागायती खेडे होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोड्डनेकुंदी व महादेवपुरा या बाजूस कारखाने आले, १९९८ च्या सुमारास माहिती तंत्रज्ञानाचे मोठे संकुल सुरू झाले, आणि मग दहापंधरा वर्षांत हजारो सदनिका उभ्या राहिल्या. नव्या सदनिका कारखान्यानंतर आल्या हे खरे. पण कुंदलहळ्ळी, हूडी, दोड्डनेकुंदी ही गावे कारखान्याच्या कितीतरी आधीची आहेत, आणि त्यांतल्या शेतकऱ्याला व मजुराला इंग्रजीत अर्ज लिहिता येत नव्हता म्हणून त्याच्या ओसरीवरची काजळी इतकी वर्षे कोणाच्या दप्तरात शिरली नाही, एवढाच याचा अर्थ. शिवाय न्यायालयांनी फार पूर्वीपासून हे मान्य केले आहे, की उपद्रव करणारा आधी आला एवढ्याने त्याला तो करीत राहण्याचा हक्क प्राप्त होत नाही. खरा दोष आहे तो दोन टेबलांचा. एका खात्याने कारखान्याला संमती दिली, दुसऱ्या खात्याने त्याच्या कुंपणालगत गृहसंकुलाचा नकाशा मंजूर केला, आणि या दोन कागदांची एकमेकांशी कधी भेटच झाली नाही. मध्ये झाडांचा एक रुंद पट्टा राखून ठेवण्याचे काम त्या दोघांपैकी कोणाचेच नव्हते.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीस पन्नास कोटी रुपये जमा करण्यास सांगितले, आणि पुढच्या वर्षी व्हाइटफील्डचा कारखाना बंद झाला. कंपनीचे इतरत्रचे काम, नाशिकचे धरून, चालू राहिले. चीनने आपल्याकडील प्रदूषणकारी भट्ट्या व इलेक्ट्रोड-कारखाने २०१७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बंद केले आणि त्यामुळे ग्रॅफाइटचे भाव जगभर अनेक पटींनी चढले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. धूळ पकडणाऱ्या यंत्रांवर खर्च करण्याची ऐपत नाही असे म्हणण्याची सोय त्या काळात या धंद्यातल्या कोणालाच नव्हती. रहिवाशांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु एका गोष्टीची खंत वाटल्यावाचून राहत नाही: कारखाना बंद करणे हा अखेरचा उपाय असतो, आणि त्याचा भार धुराड्याचे निर्णय घेणाऱ्यांपेक्षा त्या धुराड्याखाली आयुष्य काढलेल्या कामगारांवर अधिक पडतो. ती काजळी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्यांच्याच छातीत गेली होती. दहा वर्षे आधी कडक मोजमाप झाले असते तर कदाचित कारखाना आणि वस्ती दोन्ही टिकली असती. मंडळाच्या विलंबाची ही किंमत कोणत्याही हिशेबाच्या वहीत मांडली जात नाही.

त्याच शहराच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर तलावाची हकिगत याहून वेगळा धडा देते. सुमारे नऊशे एकरांचा हा तलाव बंगळुरातील सर्वांत मोठा. २०१५ च्या मे महिन्यात त्याच्या सांडव्यावरून उडणाऱ्या फेसाने पेट घेतला, आणि पाण्याला आग लागल्याची बातमी जगभर झाली. २०१७ च्या फेब्रुवारीत तलावात पुन्हा आग लागली, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आपण होऊन दखल घेतली आणि एप्रिलमध्ये तलावाच्या परिसरातील सर्व कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. मंडळाने ७६ कारखान्यांना तशा नोटिसा काढल्या. तरीही २०१८ च्या जानेवारीत तलाव पुन्हा पेटला, आणि तो विझवण्यासाठी लष्कराचे हजारो जवान बोलवावे लागले. कारण उघड होते. शहराच्या एकूण मैलापाण्यापैकी सुमारे चाळीस टक्के पाणी, आणि तेही बरेचसे शुद्ध न करता, या एका तलावात येत होते. त्यातील साबणाच्या द्रव्यांनी फेस होत होता आणि मैल्याने माजलेली जलपर्णी तळाशी कुजत होती. कारखान्यांचा त्यात वाटा होता, पण मोठा अपराधी नगरच होते. २०१८ च्या डिसेंबरात न्यायाधिकरणाने राज्य शासनाला पन्नास कोटींचा आणि महानगरपालिकेला पंचवीस कोटींचा दंड केला, तलावाच्या कामासाठी पाचशे कोटी वेगळे ठेवण्यास फर्मावले, आणि न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख-समिती नेमली. कारखान्याला कुलूप लावणे सोपे असते. लाखो घरांच्या मोऱ्यांना कुलूप लावता येत नाही. हे पाणी पुढे वर्तूर तलावातून दक्षिण पिनाकिनी नदीत उतरते आणि तमिळनाडूत होसूरजवळच्या केलवरपळ्ळी धरणात त्याचा फेस पुन्हा वर येतो, म्हणजे बंगळूरने सोडलेली मळी दुसऱ्या राज्यातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला जाते.

आपल्या वाचकाला ही दूरदेशीची वार्ता वाटू नये. मुंबईत माहुल येथे तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनसाठे यांच्या सान्निध्यात प्रकल्पग्रस्तांच्या इमारती उभ्या करून तानसा जलवाहिनीकाठची विस्थापित कुटुंबे शासनानेच तेथे नेऊन ठेवली. दोन टेबलांचा तोच दोष, फक्त येथे घर निवडण्याचे स्वातंत्र्यही लोकांना नव्हते. २०२० च्या ऑगस्टमध्ये न्यायाधिकरणाने माहुल-आंबापाडा परिसरातील चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. तळोजात २०१७ साली रस्त्यावरची कुत्री निळी झालेली दिसली, तेव्हा महाराष्ट्राच्या मंडळाने एक कारखाना बंद केला. कासाडी नदी त्याच्या कितीतरी आधीपासून रंग बदलत होती, परंतु दखल घेतली गेली ती मुक्या जनावरांच्या कातडीवर पुरावा उमटल्यावर.

मंडळांच्या बाजूनेही काही सांगितले पाहिजे, कारण त्यांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. देशभरातील मंडळांत मंजूर पदांपैकी निम्म्याच्या आसपास पदे रिक्त असल्याची गोष्ट न्यायाधिकरणापुढेच आली. शेकडो कारखाने एकेका अभियंत्याच्या माथी असतील तर तो रात्री दोन वाजता कोणकोणत्या धुराड्याखाली जाऊन उभा राहणार? केंद्रीय मंडळाने २०१४ साली सिमेंट, साखर, औषधे यांसारख्या सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना धुराड्यातच अखंड मोजणारी यंत्रे बसवून त्यांचे आकडे थेट मंडळाकडे पाठवण्याची सक्ती केली, हे योग्य दिशेचे पाऊल होते. पण यंत्र कारखानदाराचे, त्याची देखभाल कारखानदाराची, आणि आकडा तपासणारा माणूस मंडळात नाही, अशी स्थिती असेल तर त्या आकड्यावर नागरिकाने किती भिस्त ठेवावी? शिक्षेच्या बाबतीतही चित्र पालटत आहे. २०२४ च्या दुरुस्तीने जलकायद्यातील अनेक अपराधांसाठीची कैद जाऊन तेथे दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतचा दंड आला. बड्या कंपनीला पंधरा लाख ही कितीशी रक्कम? त्यानंतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पर्यावरणाच्या हानीची भरपाई वसूल करण्याचा अधिकार मंडळांना आहे असा निर्वाळा दिला. त्यापूर्वी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे या अधिकारावर सावट पडले होते. मला हा निकाल गेल्या अनेक वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बंदीचा हुकूम आणि नुसती नोटीस यांच्यामधली जी पायरी मंडळाला हवी होती ती आता त्याच्या हाती आहे; ती वापरायची तर हानी किती झाली हे मोजावे लागेल, आणि मोजायचे तर माणसे नेमावी लागतील.

ज्यांच्या घराजवळ धुराडे आहे त्यांनी या सर्वांतून काही गोष्टी हाताशी ठेवाव्यात. कारखान्याच्या संमतिपत्राची प्रत मागण्याचा तुम्हांला माहितीच्या अधिकाराखाली हक्क आहे. त्यातील अटी वाचा, म्हणजे ‘धूर येतो’ या मोघम तक्रारीऐवजी अमुक क्रमांकाची अट मोडली अशी नेमकी तक्रार तुम्हांला लिहिता येईल. काजळी केव्हा बसते त्याची तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा एका वहीत टिपून ठेवा, शेजाऱ्यांनाही टिपायला सांगा, आणि त्या वस्तीतल्या ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वतीनेही टिपा. मंडळाने दखल घेतली नाही तर वायुप्रदूषणाच्या कायद्याचे कलम ४३ कोणाही नागरिकाला साठ दिवसांची नोटीस देऊन थेट फौजदारी न्यायालयात जाण्याची मुभा देते. हरित न्यायाधिकरणाकडे जावयाचे असेल तर तक्रारीचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि भरपाईच्या मागणीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. भरपाई न मागणाऱ्या साध्या अर्जाची फी एक हजार रुपये आहे. बंगळूरकरांसाठी त्याचे खंडपीठ चेन्नईत बसते, आणि महाराष्ट्रासाठी पुण्यात.